गावच्या फ्रेजा आणि मोतीराम मास्तर

मोतीराम मास्तर वरवट बकालच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि ते हंगामी होते. हंगामी म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळतं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की संस्था त्यांना घरी पाठवी आणि जूनमध्ये अध्यक्षांची मर्जी असली तर परत बोलावी. अध्यक्ष होते हिंमतराव. मास्तरांचं घर पार तिकडे लोणारला. जाताना ते ट्रंक, कंदील, स्टोव्ह सगळं बांधून नेत, कारण परत येऊ की नाही याचा भरवसा नसे. त्यांची बायको रुक्मिणीबाई लग्न झाल्यापासून तिथंच सासू-जावांच्या राज्यात दिवस काढत होती. नवऱ्यासोबत दोन खोल्यांचं वेगळं बिऱ्हाड एवढंच तिचं मागणं होतं. "तेवढं कायम व्हा हो," असं ती प्रत्येक वेळी एस्टी सुटताना म्हणे, आणि मास्तर खिडकीतून अशी मान हलवत, जणू कायम होणं त्यांच्याच हातात होतं.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावोगाव हायस्कुलं निघत होती. आधी अध्यक्ष ठरत, मग बोर्ड रंगे, आणि भिंती जमल्या तर उभ्या राहत. वरवटच्या शाळेला ही तिन्ही होती. फक्त मॅट्रिकचा निकाल तेवढा धड लागत नव्हता. पोरं बाकीच्या विषयांत कशीबशी तरत आणि इंग्रजीत बुडत. त्यातही फ्रेज, म्हणजे वाक्यातला शब्दांचा गट, ओळखा हा प्रश्न आला की सगळा वर्ग पेन चावत बसे.

मास्तरांनी आधी सरळ मार्ग धरला होता. व्याख्या पाठ करून घेतल्या. नाउन फ्रेज, अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज, अ‍ॅडव्हर्ब फ्रेज, सगळ्या एका सुरात, एका तालात. शाळेवरून शेतात जाणाऱ्या बायांना वाटे, आत आरती चालली आहे. पण पाठ म्हणून झाल्यावर अर्थ विचारला, की ज्याच्याकडे पाहावं तो पोरगा खाली पाही. मास्तरांना पोरांचा राग येई, मग स्वतःचा येई, आणि घंटा झाली की दोन्ही राग विसरून ते निघून जात.

एक दिवस असंच घसा सुकवून ते खिडकीशी उभे होते. समोरून हिंमतराव चालले होते. ते कधी एकटे चालत नसत. त्यांना चिकटून रामराव होता, ज्याचं सगळं आयुष्य हिंमतराव किती मोठे, किती दिलदार, हे सांगण्यात चाललं होतं. थोडं मागं अर्जुनराव होता. हा जिथं काम चाललं असेल तिथं पोचायचा आणि ते केव्हा, कुठं, कसं करावं हे सांगून घरी जायचा. कामाला हात लावताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. हे दोघंही शाळेच्या कमिटीत होते. मास्तरांनी ती वरात पाहिली आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"पोरंहो, पुस्तक मिटा अन् बाहेर पाहा," ते म्हणाले. "हा सगळा घोळका येऊन राह्यला, तरी आपण काय म्हणतो? हिंमतराव आले. माणसं कितीही असोत, सगळे मिळून एकाच नावाचं काम करतात. हे झालं नाउन फ्रेज. आता रामरावकडे पाहा. ते नावाले चिकटून राहतात अन् नाव कसं आहे ते सांगतात. नाव काढून घ्या, रामरावजीले सांगाले काही उरत नाही. हे अ‍ॅडजेक्टिव्ह फ्रेज. अन् अर्जुनराव कामापाशी जातात. काम कुठं, केव्हा, कसं, तेवढं सांगतात. हे अ‍ॅडव्हर्ब फ्रेज."

वर्ग आधी दचकला आणि मग असा हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'द मॅन विथ अ बिग मुस्टॅश.' कोणता माणूस? मोठ्या मिशांचा. मग यातला रामराव कोणता? पोरं ओरडली, "विथ अ बिग मुस्टॅश!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खा वर्ग एकाच वेळी बरोबर बोलला होता.

निजाम टेलरची खुर्शीदा पहिल्या बाकावर बसायची. बापाचं मशीन बस थांब्याजवळ होतं आणि पोरगी काजं करता करता धडे वाचायची. तिनं हात वर केला. "सर, रामरावकाका हिंमतरावले सोडून एखाद्या दिवशी वावरात गेले, अन् तिथं काम कसं करा ते सांगाले लागले त?"

"त ते त्या दिवशी अ‍ॅडव्हर्ब फ्रेज!" मास्तर आनंदानं जवळजवळ नाचलेच. "इन द फील्ड. 'द क्रॉप इन द फील्ड' म्हटलं त कोणतं पीक, ते सांगितलं, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. 'ही स्लेप्ट इन द फील्ड' म्हटलं त कुठं झोपला, ते सांगितलं, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. शब्द तेच. फ्रेज कोण्या घरी जन्मली ते पाहाचं नाही, काम काय करते ते पाहाचं."

"मंग सर, या तिघांत व्हर्ब कोण?"

"कोणीच नाही. फ्रेजमध्ये व्हर्ब नसते. म्हणून त तिले पुरा अर्थ नसते," मास्तर म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

तोवर उशीर झाला होता. वर्गातलं शहाणपण घरी न नेणारी पोरं हे मात्र बरोब्बर घेऊन गेली. दोन-चार दिवसांत पानठेल्यावर, गिरणीवर, विहिरीवर फ्रेजा पोचल्या. हिंमतरावांचं बोलावणं आलं तेव्हा मास्तरांनी निघण्याआधी ट्रंक बांधायला काढली. मार्चच्या परीक्षेला दोन महिने होते, त्याआधी त्यांना कायम करण्याचा विषय कमिटीपुढे यायचा होता, आणि त्यांनी तर कमिटीलाच फळ्यावर टांगलं होतं.

हिंमतराव ओट्यावर बसले होते. "मास्तर, मले तुमी नाउन फ्रेज केलं म्हंतात. खरं हाय?"

"ते पोरांले समजावं म्हणून, भाऊसाहेब..."

"ते असो. मले एवढंच सांगा, त्याच्या वरची कोणती फ्रेज हाय?"

मास्तरांना जीव वाचवायचा होता. "वाक्यात कर्त्याच्या जागी तिलेच बसवतात," ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. हिंमतरावांनी मिशीवरून हात फिरवला, चहा सांगितला आणि वर पान दिलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं. पत्रिका छापून आली तेव्हा खाली ठळक अक्षरांत होतं: 'आपले नम्र, हिंमतराव, नाउन फ्रेज, वरवट बकाल.' शेगावच्या पाहुण्यांना वाटलं, सरकारनं नवी पदवी काढली असेल. पंगतीत त्यांनी यजमानांना चौरंगावर बसवलं.

आता सांगा, चौरंग पाहिल्यावर रामराव आणि अर्जुनराव गप्प बसतील? दोघंही त्या रात्रीच्या पंगतीत जेवले नाहीत. सकाळी मास्तरांच्या खोलीवर हजर झाले.

"काऊन हो मास्तर," रामराव म्हणाला, "मले अ‍ॅडजेक्टिव्ह काऊन ठेवलं? माह्या बापजाद्यांत कोणी अ‍ॅडजेक्टिव्ह नव्हतं."

"अन् मी अ‍ॅडव्हर्ब!" अर्जुनराव खेकसला. "सासऱ्यानं विचारलं, जावई, हे वरचं का खालचं? काय सांगू मी त्याले?"

मास्तरांनी समजावून पाहिलं, की यात वरचं-खालचं काही नसतं, ज्याचं त्याचं काम असतं. ही गोष्ट पोरांना एका तासात कळली होती. या दोघांना ती कळणं शक्यच नव्हतं, कारण गावात ज्याला नाव आहे आणि वरचं-खालचं नाही अशी एकही वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "ठरावाच्या वख्ती आमचे हात वर होतात का खाली राह्यतात, ते आता तुमच्यावर हाय," असं सांगून दोघं उठले.

मास्तर हिंमतरावांकडे धावले. हिंमतरावांनी तोड काढली. माणूस दिलदार होता, त्यातून स्वतःचं चौरंगावर बसून झालं होतं. "साऱ्यायलेच नाउन करून टाका नं. तुमच्या घरचं काय जाते?"

आणि खरंच तसा ठराव झाला. 'शाळेत शिकविण्यात येणाऱ्या सर्व फ्रेजा यापुढे नाउन फ्रेज समजण्यात याव्यात, तसेच कोणत्याही फ्रेजेस कमी लेखण्यात येऊ नये.' सूचक रामराव, अनुमोदक अर्जुनराव. मास्तरांचा विषय त्याच्या खाली होता, पण आधी वरच्या ठरावाची अंमलबजावणी पाहायची असं ठरलं. त्यासाठी कमिटी शाळेत आली आणि मागच्या बाकांवर गुडघे वर करून बसली.

मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'विथ अ बिग मुस्टॅश.' विचारलं, कोणती फ्रेज? वर्ग आनंदानं ओरडला, "अ‍ॅडजेक्टिव्ह!" रामराव खाकरला.

"चूक," मास्तर म्हणाले. "नाउन." मग 'इन द फील्ड' लिहिलं. अर्जुनराव सावरून बसला. "हेही नाउन."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्या डोळ्यांत जे इतक्या कष्टानं पेटलं होतं, ते मास्तरांना आपल्या देखत विझताना दिसलं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण लोणारच्या थांब्यावर उभी असलेली रुक्मिणीबाईही त्यांना दिसत होती, आणि ते लिहीत राहिले. खुर्शीदा उभी राहिली.

"सर, बोर्डाच्या पेपरात काय लिवाचं? पहिले शिकवलं ते, का आजचं?"

मास्तरांनी मागच्या बाकांकडे पाहिलं. "ठरावाप्रमाणं लिहायचं," ते म्हणाले. मागचे सगळे हात तिथल्या तिथं वर झाले आणि मोतीराम मास्तर कायम झाले.

रुक्मिणीबाई मे महिन्यात आली. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी. पहिल्या दिवशी तिनं चूल स्वतः घातली आणि दुसऱ्या दिवशी विनाकारण सगळी भांडी घासून काढली, कारण ती आता तिची होती. तिचं सुख पाहून मास्तरांनाही बरं वाटे. शाळेसमोरून जाताना मात्र ते रस्त्याच्या पलीकडून जात.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत वर्गाच्या वर्ग आडवा झाला होता. पोरांनी कमिटीचा ठराव अगदी इमानदारीनं उत्तरपत्रिकेत उतरवला होता आणि तपासणाऱ्यानं तो तितक्याच इमानदारीनं खोडला होता. पास झाली होती ती एकटी खुर्शीदा. हिंमतरावांनी निकालाचं वाईट वाटून घेतलं नाही. बोर्डात बाहेरचे लोक बसले आहेत, त्यांना नाउन फ्रेजेची किंमत काय कळणार, असं ते म्हणाले आणि लोकांना ते पटलं.

त्याच संध्याकाळी रामराव मास्तरांच्या ओट्यावर चहाला येऊन बसला होता. कायम झालेल्या मास्तरांकडे चहा घ्यायचा त्याचा हक्कच होता. तेवढ्यात खुर्शीदा पेढे घेऊन आली. रुक्मिणीबाईनं कौतुकानं तिच्या तोंडावरून हात फिरवला, "आमच्या यांनीच शिकवलं नं तुले?" म्हणून विचारलं आणि बशी आणायला आत गेली. खुर्शीदा मास्तरांच्या पाया पडली, पण उठली नाही, तिथंच वाकून हळू आवाजात बोलली.

"सर, रागावू नका. तुमी ठरावाचं लिवा म्हटलं होतं. मी नाही लिवलं. तुमी पहिल्या दिवशी खिडकीपाशी सांगितलं, तेच लिवलं. मले तेच खरं वाटलं. तुमचं ऐकलं नाही, माफ करा."

मास्तरांच्या तोंडात पेढा होता. तो गिळताच येईना. आपण सगळ्या वर्गाला बुडवलं आणि जी वाचली ती आपलं न ऐकल्यामुळे वाचली, आणि आता तीच आपली माफी मागते आहे. तिला उचलून उभं करावं, पोरी, तूच बरोबर आहेस असं गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगावं, असं त्यांना वाटलं. आत रुक्मिणीबाई बशा लावत होती, त्यांचा आवाज येत होता.

"काय म्हणते पोट्टी?" रामरावनं ओट्याच्या कडेवरून विचारलं.

मास्तरांनी पेढा गिळला.

"काही नाही," ते म्हणाले. "ठरावाप्रमाणंच लिहिलं, म्हणून पास झाली म्हणते."

खुर्शीदा उठली. तिनं मास्तरांकडे एकदा पाहिलं, पेढ्यांचा डबा खाली ठेवला आणि रामरावच्या समोरून पायऱ्या उतरून गेली.

"मंग!" रामराव मांडीवर थाप मारून म्हणाला. "मी त पहिलेच म्हटलं होतं. पुढच्या सालीही असंच शिकवा, मास्तर."

"हाव," मास्तर म्हणाले, आणि त्याच्यापुढे पेढ्यांचा डबा सरकवला.