तपासायच्या टेबलाचा पडदा

पोटुशी होते तेव्हा, सहाव्या महिन्यात, मी तारनाक्याच्या आमच्या सरकारी दवाखान्यात एकच वाक्य बोलायचे, सगळं ठीक आहे. ठीक कसलं डोंबलाचं! लघवीला जळजळ होत होती. पण तपासायच्या टेबलाला पडदा नव्हता आणि दोन हातांवर बायांची रांग. तिथं तोंड उघडायचं म्हणजे दवंडीच की. घरीही कुणाला बोलले नव्हते.

दवाखाना कसा चाललाय हे दर महिन्याला आम्हा बायांनीच ठरवायचं, अशी तिथं बैठक असायची. यादीतली एकेक गोष्ट वाचायची, मग प्रत्येकीनं चिंचोका टाकायचा. बरी असेल तर हसऱ्या चेहऱ्याच्या डब्यात, नसेल तर रडक्यात. वाचायचं काम माझं. "पडदा" असं मी ठणकावून वाचलं. डबे उघडले तर रडका रिकामा! माझं डोकंच फिरलं.

परतताना शेजारच्या अक्कांना फैलावर घेतलं. त्या आपल्या दख्खनीत शांतपणे म्हणाल्या, "उनकीच चाय पीके उनकोच नामां रखना?"

खरं सांगू? माझाही चिंचोका हसऱ्यातच गेला होता. नर्सबाईंनी चहात आलं घातलं होतं हो.

मग ठरलं, पुढच्या महिन्यात चहा आपला. मोठा थर्मास नेला, उस्मानिया बिस्किटं नेली, डॉक्टरांना आणि नर्सबाईंना आग्रह करकरून चहा पाजला. डबे फिरले. रडक्यात चिंचोके असे खडखडायला लागले की बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मोजले तर आम्ही बारा जणी आणि चिंचोके तेरा.

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "एक माझा आहे. तीनदा अर्ज दिलाय मी."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी सगळ्यांसमोर रजिस्टरात पडद्याची तारीख लिहिली. त्या तारखेला अक्का दवाखाना उघडायच्या आधीच दारात हजर. पडदा आला, बेगम बाजारातला, सोनेरी मोरांचा, थेट लग्नाच्या मंडपात शोभेल असा. आम्ही इतक्या हसलो की माझं बाळ पोटात लाथा मारायला लागलं.

पहिला नंबर मला दिला. नर्सबाईंनी पडदा ओढला आणि रांग दिसेनाशी झाली.

"बोला, काही त्रास?"

"सगळं ठी..." म्हणाले आणि अडखळले. पलीकडे अक्कांनी अचानक सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी कशी करायची ते सांगायला सुरुवात केली. मग मी सगळं सांगून टाकलं. भाजी शिजेपर्यंत मला वेळ होता.