परचुरेसाहेबांची कानस

"ब्रेक दाबा," मी म्हणालो.

"दाबलाय," परचुरेवहिनी गाडीतून म्हणाल्या.

मी गाडीच्या मागे उभा होतो. डावा दिवा ठोकरीत फुटला होता, उजवा शाबूत होता. त्या शाबूत दिव्यात मला काहीच दिसेना. दोन्ही हातांचा आडोसा करून काचेला डोळा लावला, तेव्हा आत निरांजनाएवढा उजेड सापडला. ब्रेकचा दिवा असा शोधून काढावा लागत असेल तर मागच्या गाडीवाल्याने काय करायचं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण शेजारी परचुरेसाहेब उभे होते आणि म्हणत होते, "बघा, एकदम ओके आहे."

मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर होतो. सर्व्हेअर म्हटलं की लोकांना जमीन मोजणारा वाटतो. आम्ही फुटलेल्या गाड्या बघतो. अपघाताचा क्लेम आला की जाऊन काय मोडलं, कशानं मोडलं, ते लिहून द्यायचं. नव्वदीच्या सुरुवातीला पनवेल-उरणचा सगळा पट्टा माझ्याकडे होता. तेव्हा त्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर धावायला लागले होते, त्यामुळे मला कामाची ददात नव्हती.

परचुरेसाहेब तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सचे मॅनेजर. नवीन पनवेलला बंगला, बंगल्यात वडील, बायको आणि घरातली पहिलीवहिली गाडी. रविवारी तिन्हीसांजेला सगळे उरणच्या समुद्रावरून परतत होते. जासईच्या पुढे रस्त्यात म्हैस आली. साहेबांनी करकचून ब्रेक मारला. म्हैस वाचली, पण मागचा मासळीचा टेम्पो गाडीवर येऊन आदळला. कुणाला लागलं नाही. साहेबांनी मात्र तिथेच जाहीर केलं की टेम्पोवाला प्यायलेला होता, आणि पोलीस चौकीत तशी तक्रारही दिली.

टेम्पो चालवणारा हिराजी माळकरी होता. गळ्यात माळ घालणारा कोळी आमच्याकडे थट्टेचा विषय, पण हा खरंच दारूला शिवत नसे. टेम्पो मालकाचा होता आणि मालकाने चावी काढून घेतली होती. चूक तुझी नाही असं सिद्ध कर, नाहीतर घरी बस, असं त्याला सांगितलं होतं. हिराजी ऑफिसच्या पायरीवर माझी वाट बघत बसला होता.

"साहेब, मी झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "त्यांचा लाल दिवा उरणपासून पेटलेलाच व्हता, चांगला ढणढणीत. आमी म्हनलो, मानूस नवीन हाय, ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतो. मग खरा ब्रेक कवा मारला ते मला कलनार कसा?"

खरं सांगतो, मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मागून ठोकणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरकडे एक गोष्ट तयार असते. आमच्या ब्रँच मॅनेजरांना तर गोष्टीचीही गरज नव्हती. "मागून ठोकलं म्हणजे मागच्याची चूक. त्यात बघायचं काय? परचुरेंची कंपनी आपली मोठी क्लायंट आहे. उद्या रिपोर्ट टाक," एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

तरी त्या शाबूत दिव्याने माझ्या डोक्यात किडा सोडला. मी वहिनींना ब्रेक सोडायला सांगितला आणि नुसते हेडलाइट लावायला सांगितले. हेडलाइटबरोबर मागे जो बारीक लाल दिवा लागतो, तो बारीकच असायला हवा. इथे भर दुपारी लख्ख लाल उजेड पडला. आता ब्रेक दाबा म्हटलं. त्यांनी दाबला. उजेडात काडीचाही फरक पडला नाही.

इथे थोडं बल्बाबद्दल सांगायला हवं. गाडीच्या मागच्या दिव्यात एकाच बल्बात दोन तारा असतात. एक बारीक, रात्रभर जळणारी. दुसरी जाड, ब्रेक दाबला की पेटणारी. बल्ब उलटा बसला तर दोघींची कामं बदलतील. ते होऊ नये म्हणून बल्बाच्या बुडाला दोन बाजूंना दोन पिना असतात, एक वर, एक खाली. होल्डरच्या खाचाही तशाच. उलटा घालायला गेलात तर बल्ब आत जातच नाही. त्यामुळे तो उलटा बसणं अशक्य आहे, असं मी तोपर्यंत समजत होतो.

"बल्ब कोणी बदलले?" मी विचारलं.

साहेबांची छाती फुगली. बल्ब त्यांनी स्वतः बदलले होते. मेकॅनिक लोक गाडीची वाट लावतात, म्हणून ते गाडीला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. उरणला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन्ही बल्ब जोडीने बदलायला घेतले. पण माल डिफेक्टिव्ह निघाला. पिना एका रेषेतच नव्हत्या. हल्ली कुणालाच धड काही बनवता येत नाही, यावर ते बराच वेळ बोलले. मग आत जाऊन त्यांनी कानस आणली आणि मला दाखवली.

"जी पिन आड येत होती ती घासून टाकली. थोडे ढिले बसत होते, तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. फिट," साहेब म्हणाले. "फॅक्टरीत आम्ही हेच करतो."

त्या दिवसापासून मी तळोज्यावरून जाताना गाडीच्या काचा वर करायला लागलो.

मी स्क्रू काढून उजवा बल्ब बाहेर घेतला. एका बाजूला पिन होती, दुसरीकडे घासून गुळगुळीत केलेलं पितळ. काम सफाईदार होतं, यात वाद नाही. हिराजी अक्षरशः खरं बोलला होता, आणि मी त्याला कटवलं होतं. मला स्वतःचाच राग आला.

"बसवल्यावर चेक नाही केलं?"

"केलं तर. आप्पांना मागे उभं केलं होतं."

आप्पा म्हणजे साहेबांचे वडील. व्हरांड्यात खुर्चीवर बसून ते इतका वेळ ऐकत होते. "मी सांगितलं होतं," ते सावकाश म्हणाले. "ब्रेक दाबलास की बारीक लागतोय, नुसता दिवा लावलास की मोठा लागतोय. तू म्हणालास, आप्पा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय."

वहिनी गाडीतून उतरल्या आणि तोंडाला पदर लावून आत निघून गेल्या. चहा यायला बराच उशीर झाला.

मॅनेजरांनी रिपोर्ट वाचून कपाळाला हात लावला. "पिनेचं कशाला लिहिलंस? कुणाच्या लक्षात आलं असतं?" मी म्हटलं, ज्याची नोकरी जातेय त्याच्या आधीच लक्षात आलंय. आणि साहेबांनी हे सगळं मला स्वखुशीने, कानशीसकट सांगितलंय. मी एक अक्षर बदललं नाही. चौकीतल्या हवालदारांनी मी नेलेला तो बल्ब फिरवून फिरवून पाहिला, आपल्या जीपचा एक काढून त्याच्याशेजारी धरला आणि हिराजीवरचं किटाळ काढून टाकलं. मालकाने चावी परत दिली. टेम्पोचं फुटलेलं तोंड मात्र कुणी भरून दिलं नाही, कारण त्या टेम्पोचा विमा दुसऱ्याच्या नुकसानापुरताच होता, आणि साहेबांच्या विम्यातून मिळवायला मालकाला कोर्टात जावं लागलं असतं.

परचुरेसाहेबांचा क्लेम पास झाला. मूर्खपणाला विम्यात सूट आहे, हे लोकांना सांगून पटत नाही. फुटलेली डिकी, बंपर, डावा दिवा, सगळं नवं आलं. वर साहेबांनी माझ्याविरुद्ध तक्रार केली की सर्व्हेअरला टेक्निकल ज्ञान नाही.

पुढे एकदा हिराजी पळस्पे फाट्याला भेटला. टेम्पो बाजूला घेऊन त्याने मला हाक मारली, पानात बांधून बोंबील दिले. साहेबांची चौकशी केली. मी म्हटलं, साहेब मजेत आहेत, आप्पांचं ऑपरेशन करून घेतलं त्यांनी.

हिराजी टेम्पोत चढून बसला. मग म्हणाला, "त्या घरात दिसत व्हता तो एकच मानूस. त्याचाच डोला कशाला कापला?"

बल्बाला वरखाली पिना ठेवणाऱ्या माणसाने फार पुढचा विचार केला होता. अंधारात, घाईत, अडाण्याच्या हातूनसुद्धा बल्ब बरोबरच बसावा अशी त्याची सोय होती. घरी कानस असलेल्या माणसाचा विचार त्याने केलेला नव्हता.