खातं वाढवा

दुकानदाराशी बिनसलं म्हणून उधारीचं खातं मिटवण्यात आमच्या आतोबांचा, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांचा, हात धरणारा माणूस उभ्या रत्नागिरीत नव्हता. डाळीत खडा निघाला, खातं मिटवलं. रांगेत मागे असलेल्या शिपायाला साखर आधी मिळाली, मिटवलं. एकाचं तर तो शिंकताना तोंड फिरवत नाही एवढ्यावरून मिटवलं. पै न् पै चुकती करायचे, घरी येऊन झोपाळ्यावर बसून "सुटलो" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन नव्या दुकानात नवं खातं उघडायचे. नव्या दुकानाची डाळ कशी मऊ शिजते याचं कौतुक पुढे आठवडाभर चाले. आत्या ते खाली मान घालून ऐके.

दुसरी खोड अशुभ शब्दांची. दिवा विझवला म्हणायचं नाही, दुकान बंद केलं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं, हे आपण सगळेच पाळत आलो. पण आतोबांनी त्यात कशालाच सोडलं नव्हतं. ते नळ वाढवायचे, छत्री वाढवायचे. एकदा दुपारी पडल्या पडल्या ते मला म्हणाले, "रेडिओ वाढव." मी वाढवला. शेजारचे धावत आले. आतोबा मात्र रेडिओवर आणि माझ्यावर दिवसभर रुसून होते. त्यांच्या तोंडून 'बंद' हा शब्द मी तोवर कधी ऐकला नव्हता.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास त्यांच्या मुलीनं, नंदानं, टायपिंगचा क्लास काढायचं ठरवलं. दहा वर्षं वकिलाच्या कचेरीत दुसऱ्यांचे कागद बडवून ती कंटाळली होती. गावातले एक क्लासवाले मुलाकडे पुण्याला चालले होते, त्यांची तीन मशिनं स्वस्तात मिळत होती. नंदानं साठवलेले सगळे पैसे विसार म्हणून देऊन टाकले. बाकीची रक्कम शनिवारपर्यंत दिली नाही तर मशिनंही जाणार होती आणि विसारही.

आम्ही तिघं कर्जासाठी पतपेढीत गेलो, जामीन आतोबा. मॅनेजर सज्जन होते. त्यांनी आतोबांना विचारलं, की सध्या खातं कुठल्या दुकानात, आणि किती दिवसांचं?

"दोन महिन्यांचं," आतोबा अभिमानानं म्हणाले. "त्याआधीचं चार महिन्यांचं. पण देणं कुणाचं नाही हो."

"तेच तर," मॅनेजर म्हणाले. "देणं नाही हे चांगलंच. पण तुम्ही वर्षानुवर्षं वेळेवर देता हे मला सांगणार कोण? एखाद्या दुकानाची जुनी वही तरी दाखवा."

आतोबांचा चेहरा पडला. नंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ते बघून मला आतोबांचा मनापासून राग आला.

त्यांचं सर्वांत जुनं खातं राम आळीतल्या अण्णांकडे होतं. खोबरेल खवट निघालं म्हणून नऊ वर्षांपूर्वी ते मिटवून आले होते. तेव्हापासून ते त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. त्या दिवशी चढले. अण्णा कानानं जरा जड, म्हणून आतोबांना ओरडून विचारावं लागलं, की माझ्या खात्याची जुनी वही रद्दीत गेली का?

"रद्दीत कशाला जाईल?" अण्णा म्हणाले. "चालू खातं तुमचं. तुम्हीच नाय का सांगून गेलात, खातं वाढवा म्हणून? मी वाढवलं. वैनी दर महिन्याला नेतात, दहा तारखेला चुकतं करतात."

खोबरेलावरचं भांडण अण्णांना ऐकूच गेलं नव्हतं, शेवटचा शब्द तेवढा गेला होता. खातं चालूच आहे असं अण्णांकडून कळल्यावर आत्याला वाटलं, यजमानांचा राग निवला. पण विचारलं तर पुन्हा पेटतील, म्हणून तिनं नऊ वर्षं तोंड उघडलं नाही. आतोबांच्या पिशवीतून येई ते सगळं थोडंथोडकं. पावसाळ्याची सगळी बेगमी अण्णांकडची. मऊ शिजणारी डाळसुद्धा.

अण्णांनी फळीवरून एकोणीस वर्षांच्या वह्या काढल्या. माझ्या जिवात जीव आला. आता आतोबा कडाडणार म्हणून मी वाट बघत होतो, पण ते गुळाच्या ढेपेशेजारच्या पोत्यावर बसले आणि हळूच म्हणाले, "नशीब, बंद करा म्हणालो नाही." तो शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढा एकदाच ऐकला. नंदा हसता हसता रडली. शुक्रवारी कर्ज मिळालं, शनिवारी मशिनं घरी आली.

पुढे आतोबा गेले. दिवस उरकल्यावर नंदा आणि मी अण्णांकडे राहिलेले पैसे द्यायला गेलो. अण्णांनी चष्मा पुसला, वही उघडली, वरच्या नावावर बोट ठेवलं आणि खालच्या आवाजात विचारलं, आता काय करू?

नंदानं ते नाव एकदा वाचलं. मग अण्णांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "वाढवा."

कुठल्या अर्थानं, ते अण्णांनी विचारलं नाही. दिवाळीला नवी वही आली, तेव्हा तिच्यात आतोबांचंच नाव होतं.