रमी आणि आईची शपथ

माझा आवाज मुळातच मोठा. समुपदेशक म्हणून भोरच्या दवाखान्यात बसायला लागल्यापासून तो गिळून गिळून अर्धा केलाय. त्या दिवशी मात्र सुटलाच.

जवळच्या वरवे गावची एक आई बारावीतल्या लेकीला घेऊन आली होती. पोरगी जेवत नाही, झोपत नाही, मोबाईल उशाखाली घेऊन रडते. खाली डॉक्टरांनी तपासलं आणि वर माझ्याकडे पाठवलं. पण आईचं निदान घरीच झालेलं. "पोराचं लफडं हाय, मॅडम. रविवारी पाव्हणं बघायला येत्यात. उजवून टाकतो, कॉलेज बास झालं."

मी काहीही विचारलं तरी पोरीची मान खालीच. आईला बाहेर बसवलं, तरी तेच. शेवटी पुटपुटली, "आईनं शपथ घातलीया. घरातलं भाईर सांगितलं तर तिचं मेलेलं तोंड बघीन."

अगं आई गं! आता माझी कसली डोंबलाची प्रश्नावली चालणार? आईला आत बोलावलं आणि आवाज चढवला, "ताई, आधी ती शपथ सोडवा!" ती दचकली. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सुटली. सुटली गं बाई."

पोरगी हुंदके देत बोलली, "पोरगाबिरगा कोण न्हाई गं. मोबाईलवर पैशाची रमी खेळते म्या."

"येवढंच व्हय!" आईचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "पत्ते तर आमच्यात लगीनघरी समदीच खेळत्यात." पिशवी उचलून ती निघालीसुद्धा.

"एवढंच नाही, ताई. बसा." मी पोरीला एकेक विचारत गेले. हरलीस की भरून काढायला परत बसतेस? त्यासाठी खोटं बोलतेस? खेळली नाहीस तर जीव कासावीस होतो? "व्हय." "व्हय." "व्हय." व्यसनाच्या पक्क्या निदानाला अजून भेटी लागणार होत्या, पण खरं सांगते, त्या प्रत्येक होकाराला मला बरंच वाटत होतं. खोटा नकार घेऊन मी काय करणार होते?

"बंद करून पाहिलंस?"

ती माझ्याकडे नाही, आईकडे वळली. "लई येळा. हात थांबत न्हाई, आई. तू धर की."

आईनं पिशवी खाली ठेवली. तिनं पोरीचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं घरी फोन लावला. "पाव्हण्यांना रविवारी नगा येऊ म्हणावं. न्हाई वो, तसलं कायबी न्हाई. पोरगी आजारी हाय. बरी झाली की कॉलेजात जाईल."