चुगली न करणारा दात

बापू डॉक्टर गेल्याची बातमी आली तेव्हा मी अंगणात दात घासत होतो. अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं आलेला त्यांचा भाचा फाटकाशीच थांबला. "मास्तर, मामा गेले. काल दुपारी. जेवून बसले होते, पानी मागतलं आन्..." राखुंडीचं माझं बोट तोंडातच थांबलं. जिथं थांबलं तो वरचा, अगदी समोरचा दात माझा नाही. तो बापूंनी केलेला आहे. हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आज लिहून टाकतो आहे.

माझं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. दर्यापूरच्या रस्त्यावर बस खड्ड्यात आदळली आणि माझं तोंड समोरच्या लोखंडी दांड्यावर गेलं. दात हिरडीशी तुटला, मूळ तेवढं आत राहिलं. लग्न पंधरवड्यावर! रुमाल तोंडाशी धरून मी अमरावतीत बापूंच्या दवाखान्यात शिरलो. पहिल्या दिवशी त्यांनी हत्यार हातात घेतलंच नाही. समोर स्टूल ओढून एकामागून एक चावट गोष्टी सांगत सुटले. मी हसलो की हात तोंडावर जाई. "हात काढा मास्तर, हसताना ओठ कुठवरी वर जाते ते पाहू द्या मले. मिटल्या तोंडाचा दात करता येत नाही." मग नस काढून मुळात सोन्याची बारीक खुंटी बसवली, जबड्याचा प्लास्टरचा साचा घेतला आणि त्या साच्यावर लावून-काढून, घासून-घासून चिनी मातीचा दात घडवला. मला पांढराशुभ्र हवा होता. "पांढरा दात चुगलखोर असते," ते म्हणाले. "तुमी चहा पेता, मंग त्यालेही चहा पेल्यासारखं दिसू द्या." शेजारच्या दाताला कडेशी बारीकसा टवका होता, तसाच टवका त्यांनी नव्यालाही पाडला. त्या टवक्यावर भिंग लावून बसलेले बापू मला अजून दिसतात. शेवटी म्हणाले, "ऊस नोको, सुपारी तर बिलकुल नोको. आन् तोंडातली गोष्ट तोंडातच राह्यली पायजे. मी कोनाले सांगत नसतो."

लग्न झालं. सुमनला सांगायचं आज-उद्या करता करता राहून गेलं. आधी लाज वाटली, मग इतक्या उशिरा कसं सांगावं याची लाज वाटली. बापू मात्र घरी येत. सुमननं चकली पुढं केली की स्वतःची बशी बाजूला ठेवून चष्म्यावरून माझ्या तोंडाकडं पाहत. मी चकली मोडली की समाधानानं मान हलवत. सुमन म्हणायची, "डॉक्टर, काहून पाहून राह्यले असे? नजर लावता काय यायले?" बापू खदखदून हसत. त्या घरात त्यांचं हसू फक्त मला कळत असे.

मग गणपतसेठचं प्रकरण झालं. लाकडाचे व्यापारी, आवाज मोठा. त्यांनीही बापूंकडून तसाच दात करून घेतला, पण लपवला नाही. उलट पानठेल्यावर उभं राहून त्या दातानं सुपारी फोडून दाखवायचे. "पाहा डॉक्टरचा माल!" चार लोक वाहवा करायचे, सेठ आणखी एक सुपारी घ्यायचे. मी तिथं उभा असायचो. एकदा तरी म्हणायला हवं होतं, सेठ, असं नका करू. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुमाले काय मायित?

व्हायचं तेच झालं, आणि झालं ते भर पंगतीत, त्यांच्याच मुलीच्या लग्नात. पुरणपोळीच्या घासाबरोबर दात पानात पडला. व्याह्यांच्या बाजूनं कुणीतरी हसलं. सेठ उठले. पलीकडच्या ओळीत बापू जेवत होते. "थे पाहा बसले डॉक्टर! अमरावतीत एक मानूस दाखवा, ज्याच्या तोंडात याचा दात टिकला! एक!" माझ्या शेजारी सासरे होते. माझ्या तोंडात पोळीचा घास होता, आणि तो मी बापूंच्या दातानंच तोडला होता. बापूंनी मान वर केली. त्यांची नजर ओळीवरून फिरत माझ्याकडं आली... आणि थांबली नाही. थांबली असती तर मी उठलो असतो असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. ते खरं नाही. मी ओठ मिटून घेतले होते. बापूंनी सुपारीचं नावही काढलं नाही. पानाला नमस्कार केला आणि उठून गेले.

"दातपाडे डॉक्टर" हे नाव पोरांच्याही तोंडी बसलं. दवाखान्याची बाकं रिकामी पडत गेली. वर्षाच्या आत बापू अकोल्याला गेले, कापूसबाजाराच्या मागं एक खोली घेतली आणि बहुतेक दुखरे दात उपटण्यावर पोट भरलं. मी दरवर्षी दात दाखवायला जात असे. एकदा धीर करून म्हणालो, "बापू, त्या दिवशी पंगतीत मी..." "आ करा," ते म्हणाले, आणि आरसा तोंडात घातला. आ केलेल्या माणसाला काय बोलता येतं! खुंटी चाचपून म्हणाले, "घट्ट हाय. हसत जा मास्तर, एवढी मेहनत घेतली म्या."

गेल्या आठवड्यात सुमनला घेऊन अकोल्याला गेलो. दवाखाना आवरायला काढला होता. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, एकावरही नाव नाही. बापूंच्या पत्नी म्हणाल्या, "कोनाचे हायेत, मलेही नाही सांगतलं कधी. त्या सेठचं बोलनं मले खरंच वाटत गेलं, भाऊ. वाटे, यायले दात जमलाच नाही कोनाचा... यायले तसं बोलून दाखवलं नाही, पन मनात होतं." टवक्यावरून मी माझा साचा ओळखला. हातात घेतला. "वहिनी, हा माझा." सुमन म्हणाली, "तुमचा कसा? याले तर समोरचा दातच नाही." मी ओठ वर उचलून धरला. खिडकीच्या उजेडात दोघी जवळ आल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. शेवटी वहिनींनी विचारलं, "कोनता?"

मी बोट लावून दाखवला. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "म्हंजे जमला होता त्यायले," एवढंच बोलल्या.

परतताना गाडीत सुमननं साचा माझ्याकडून मागून मांडीवर घेतला. मग म्हणाली, "चकली कमी कडक करत जाऊ काय?" नको, म्हणालो, बापूंना तशीच आवडायची. साचा आता माझ्या टेबलावर आहे. शाळेची मुलं येतात, त्यातल्या रिकाम्या जागेत बोट घालून विचारतात, सर, इथला दात कुठं गेला? मी हसून दाखवतो. तोंडावर हात न घेता.