चिंचेला वळसा

एक डोळा मिटायचा, अंगठा दुसऱ्या डोळ्यापुढं धरायचा आणि म्हणायचं, "सरळ दिसतं का ते सांगा, मंग पुढचं बोलू." छतावर चढल्यावर भाईंचं पहिलं वाक्य हेच. परतूरचे हे भाई घरांवर इंटरनेटच्या छोट्या डिश बसवायचे; त्या डिशला टॉवर समोर सरळ दिसावा लागतो. तुमच्या गावात आले असतील, तर तो अंगठा तुम्हीही पाहिला असेल.

आमचं गाव वडीगोद्रीपासून आत, खोलगटात. टॉवरची रेंज मधल्या माळाला अडते. फोन करायचा तर माळ चढायचा. आमचं तेवढ्यावर भागायचं. पण माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिची आणि आईची हातांची भाषा आहे, घराबाहेर कुणाला न कळणारी. बहीण बाळंतपणाला सासरी पुण्यातच राहिली आणि त्याच सुमारास ओट्यावरून पडून आईचं खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला जाणं नाही, माळ चढणं नाही. नातू झाल्याचं कळलं, पण त्याला बघता येईना; आई जेवणाचं ताट सरकवून द्यायला लागली.

भाईंच्या आधी डिश बसवायला आलेल्या माणसानं "इथं न्हाई जमत" म्हणून गाडी वळवली होती. भाई मात्र बराच वेळ छतावर उभे राहिले. "खिंडीतून टॉवरचं टोक दिसून राह्यलं," ते म्हणाले, "पण मधी ही चिंच. पाला भिजला की सगळी रेंज पिऊन टाकंल."

चिंच शेजारच्या काकूंची. त्या तिथूनच ओरडल्या, "माझ्या झाडाला हात लावाल तर बघा!"

"न्हाई लावत, माय. झाड जागचं हालत न्हाई. आपणच वळू."

भर उन्हात भाई माळावर हिंडले. काकूंच्याच शेतातल्या आखाड्यावरून, म्हणजे गुरांच्या खोपटावरून, टॉवरही दिसत होता आणि चिंचेला टाळून आमचं छतही. भाईंनी काकूंना विचारलं. "झाडाला धक्का न्हाई ना? मंग लावा खुशाल," त्या म्हणाल्या. आखाड्यावर एक डिश टॉवरकडं आणि एक आमच्याकडं तोंड करून बसली.

लाइन जोडली आणि माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर बहीण आली, तिच्या कुशीत बाळ. आईचे हात वर गेले आणि बोलायला लागले. भाई चपला घालून बाहेर निघाले.

"बसा की, चहा ठेवलाय," मी म्हणाले.

"मायलेकीचं बोलणं आहे, ताई. आवाज नसला तरी दिसतंच ना." ते अंगणात पाठ करून बसले.

चहा द्यायला गेले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "रडल्या का अम्मा?"

"रडून झालं. आता भांडून राह्यल्या. बाळाला टोपडं का न्हाई घातलं म्हणून."

भाई खदखदून हसले. "मंग लाइन बिलकुल पक्की!"

त्या संध्याकाळी आईनं स्वतःहून भाकरी मागितली.

मागच्या वर्षी भाई आजारपणात गेले. मी परतूरला त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या बायकोपुढं, भाभींपुढं बसून बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. आता चालायला लागलेलं पोर तिच्या पदराशी झोंबत होतं. ती हातांनी सावकाश काहीतरी म्हणाली.

"क्या बोली?" भाभींनी विचारलं.

"म्हणते, तुमच्या माणसानं माझ्या लेकराला आजी दाखवली."

भाभींनी पदरानं डोळे टिपले. मग फोन माझ्या हातातून घेतला आणि काचेवर, पोराच्या डोक्यावरून, दोनदा बोटं फिरवली.