आश्वासनांचं एस्टिमेट

महाराष्ट्राला अर्थमंत्री पुष्कळ लाभले असतील, पण पुढाऱ्याच्या तोंडून आश्वासन पुरतं बाहेर पडायच्या आत त्याला खर्च किती येईल हे सांगणारा माणूस या राज्यात एकच झाला आणि तो माझा थोरला साडू होता, हे मी कोणालाही ठणकावून सांगायला तयार आहे. जव्हारच्या बांधकाम कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं एस्टिमेटं केली. रस्ता असो, मोरी असो, शाळेची खोली असो, काहीही बांधायचं म्हटलं की खडी किती, सिमेंट किती, मजूर किती आणि सगळं मिळून पैसे किती, याचा कागद आधी तयार व्हावा लागतो. तो कागद साडू तयार करीत. खाली सही साहेबांची. साडूंचं नाव डाव्या कोपऱ्यात, 'तयार करणार' या शब्दांपुढे, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी घड्याळाकडे एकदा पाहून त्याची किंमत सांगितली, आणि ती बरोबर निघाल्यामुळे निरोप समारंभ जरा लवकर आटोपला.

निवृत्त झाल्यावर हात रिकामे आणि डोकं मात्र चालू, अशी त्यांची अवस्था झाली. मग दिसेल त्या गोष्टीचं एस्टिमेट. मुलीच्या लग्नात आचाऱ्याने जिलबीला साखर किती म्हणून विचारलं, तर यांनी पाहुण्यांची गावनिहाय यादी काढली. "जामसरची मंडळी चालत येणार, त्यांना भूक जास्त. नाशिकची एसटीने येणार, घाटात त्यांना मळमळणार, त्यांना निम्मी धरा." पंगती उठल्या तेव्हा परातीत चार जिलब्या उरल्या. सगळ्यांनी कौतुक केलं, पण हे मुलीची पाठवणी होईपर्यंत त्या चार जिलब्या कोणी खाल्ल्या नाहीत याचा शोध घेत होते. त्यांच्या हिशेबातला सर्वांत लाडका शब्द म्हणजे 'लीड'. माल जिथून आणायचा तिथपासून कामाच्या जागेपर्यंतचा वाहतुकीचा पल्ला म्हणजे लीड. आमच्या डोंगरात प्रत्येक गोष्ट लांबून येते, त्यामुळे तिची लीड धरल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. माझ्या धाकट्या भावाला कोल्हापूरचं स्थळ सांगून आलं. मुलगी सर्वांना पसंत पडली. साडूंनी एवढंच म्हटलं, "मुलगी उत्तमच आहे हो. पण लीड फार पडते."

पण त्यांची खरी कर्तबगारी दिसायची ती निवडणुकीत. पक्ष कुठलाही असो, सभा जव्हारच्या चौकात असो की मोखाड्याच्या बाजारात, साडू आपली चटई घेऊन पहिल्या रांगेत हजर. मांडीवर पाटी, पाटीवर जुन्या नकाशांचे पाठकोरे कागद. पुढारी बोलायला लागला की यांची पेन्सिल चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडाजवळच्या चहाच्या टपरीवर तो कागद चिकटलेला असायचा. त्यात तीन रकाने: काय देणार, किती लागतील, कुठून आणणार. पहिला रकाना गच्च भरलेला, दुसऱ्यात आकडे मावत नसत आणि तिसरा बहुधा कोरा. टपरीवर चहा पिणारे मास्तर, कारकून, कंडक्टर तो कागद वाचून पोट धरून हसत. मीही त्या मास्तरांतलाच, मीही हसे. साडू मात्र कधी हसले नाहीत. कोणी विचारलं, "भाऊ, कुणाला पाडायचंय?" तर ते गंभीरपणे म्हणत, "मला कोणाला पाडायचं नाही. एस्टिमेट नसलेलं काम सुरू करू नये, एवढंच माझं म्हणणं."

नव्वदच्या दशकातली जिल्हा परिषदेची एक निवडणूक मला पक्की आठवते. आपला जिल्हा तेव्हा ठाणे. खोडाळ्याच्या आठवडेबाजारात एका वजनदार उमेदवाराची सभा होती. प्रत्येक पाड्याला डांबरी रस्ता देऊन झाला, प्रत्येक घराला नळ देऊन झाला. टाळ्या पडत गेल्या तसा गृहस्थाला चेव आला आणि त्याने जव्हार-मोखाड्याला रेल्वे देऊन टाकली. साडू चटईवरून उठले. हात वर केला.

"साहेब, एक विचारू का?"

"विचारा की काका. जनतेनेच विचारायचं!"

"जिल्हा परिषदेत शिक्षण खातं आहे, आरोग्य आहे, बांधकाम आहे, पशुसंवर्धन आहे. रेल्वेचं खातं नाही. मग ही रेल्वे पशुसंवर्धनात टाकायची का?"

अख्खा बाजार हसला. सुकी मासळी विकायला बसलेल्या बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. उमेदवारही हसला, पण ते ओठांपुरतं.

दोन दिवसांनी त्याची दोन माणसं साडूंच्या घरी आली. मी तिथेच होतो. एकाने चपला न काढता ओटीवर पाय ठेवला आणि म्हणाला, "काका, वय झालं, आराम करा. पेन्शन चालू आहे ना? ती बंद पडायला वेळ लागत नाही." साडू शांतपणे म्हणाले, "लागतो. पेन्शन थांबवायला आठ सह्या लागतात आणि कागद तीन कचेऱ्या फिरतो. तोवर तुमची निवडणूक होऊन जाईल." माणसं निघून गेली. मला वाटलं, साडूंनी बाजी मारली. पण आतून त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आली ती रडतच. "उद्या खरंच काही केलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?"  त्या दिवशी साडू जेवले नाहीत. टपरीवाल्यालाही दम मिळाला असावा, कारण त्याने टपरीवरचा कागद काढून टाकला होता. आठवडाभर सभा झाल्या, पण पहिल्या रांगेत चटई नव्हती.

मी त्यांना भेटायला गेलो तर ते पेन्सिलींना टोक काढत बसले होते. चांगल्या टोकदार पेन्सिलींना. मला म्हणाले, "मास्तर, मी नुसता दुसऱ्याच्या चुका काढणारा म्हातारा झालो का हो?" मी "छे छे" म्हटलं, पण ते इतक्या घाईने म्हटलं की त्यांना माझं उत्तर कळलं.

आणि त्याच दुपारी बाई आल्या. पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावर त्या बालवाडी चालवत असत. जागा महिलांसाठी राखीव नव्हती, तरी गावच्या बायकांनी त्यांना अपक्ष उभं केलं होतं. धुऊन धुऊन पांढऱ्या पडलेल्या सुती साडीत, पायांवर लाल धूळ, अशा त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, रेलवेचा सवाल तुमीच केलता ना?"

साडू सावध झाले. "मीच. का?"

"मना सभेत तीन गोष्टी बोलायच्या हायत. नदीवर साकव, चार पाड्यांच्या विहिरी खोल करायच्या आन् दवाखान्याला गाडी. बोलायच्या आधी किंमत सांगा. जमन तेवढंच बोलीन."

साडूंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. बत्तीस वर्षं नोकरी आणि त्यानंतरची सहा-सात वर्षं निवडणुका, एवढ्या काळात आश्वासन देण्याच्या आधी त्यांना कोणी किंमत विचारली नव्हती. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, स्वतः आत जाऊन पाणी आणलं आणि माझ्याकडे वळून करड्या आवाजात म्हणाले, "मास्तर, उद्या रविवार. टेप धरायला चला. जागा पाहिल्याशिवाय मी आकडा सांगत नसतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीने निघालो आणि पुढे दीड तास चाललो. डोक्यावर ऊन, साडूंच्या पायांत कॅनव्हासचे बूट, पिशवीत टेप आणि भाकरी. नदीला उन्हाळ्यात गुडघाभरही पाणी नव्हतं. अलीकडे शाळा, पलीकडे तीन पाडे, आणि मधे पायी ओलांडायला साधा छोटा पूल, म्हणजे साकव, नाही. बाई म्हणाल्या, पावसात नदी चढली की पलीकडची पोरं दोन-दोन महिने शाळेत येत नाहीत. मग मागे पडतात आणि मागे पडली की गुरांमागे जातात. साडूंनी काठ मोजले, खडक ठोकून पाहिला आणि मग विचारलं, "पुराचं पाणी कुठवर येतं?" एका म्हाताऱ्या आजीने काठावरचा दगड दाखवला. "याच्यावर कधी?" आजीने विचार केला. "माझे सासूच्या येलला त्या आंब्याच्या फांदीला लागलं होतं म्हनं." साडूंनी फांदीची उंची मोजली आणि वहीत लिहिलं. सरकारी पद्धतीच्या कागदावर पुराच्या पातळीपुढे 'स्थानिक वृद्धेच्या सासूच्या सांगण्यावरून' असा आधार देणारा दुसरा माणूस मला आजतागायत भेटलेला नाही.

आठ दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. शेवटी बाईंना बोलावून एस्टिमेटचा कागद हातात दिला आणि सांगितलं, "एका सदस्याच्या वाट्याला जो निधी येतो त्यात साकव बसतो. दोन वर्षं लागतील. विहिरी दोनच होतील, त्याही साकवानंतर. गाडी बसत नाही."  निवडणूक तोंडावर आणि हा माणूस उमेदवाराच्या हातातली आश्वासनं काढून घेतोय! पण बाईंनी तो कागद घडी घालून कमरेला लावला आणि पोशेऱ्याच्या सभेत उभ्या राहिल्या. "मी तीन गोष्टी सांगनार होते," त्या म्हणाल्या. "भाऊंनी हिशेब केला. साकव व्हल. दोन वर्सं लागतील. विहिरी दोन व्हतील. दवाखान्याची गाडी मना जमनार नाय, ती सांगून ठेवते." एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. पहिल्या रांगेत चटईवर बसलेले साडू एकटेच ताठ बसले होते, आणि त्यांच्या हातात त्या दिवशी पेन्सिल नव्हती.

बाई पडल्या. फार थोड्या मतांनी, पण पडल्या. रेल्वेवाले निवडून आले, मिरवणूक निघाली, गुलाल उधळला.  मला वाटलं, संपलं.

पण बाईंच्या हिशेबात ते संपलेलं नव्हतं. महिन्याभराने त्या चाळीसएक बायका घेऊन निवडून आलेल्या सदस्याच्या दारात गेल्या. मी साडूंबरोबर कोपऱ्यात उभा होतो. सदस्य हात जोडून बाहेर आले. "बोला ताई, रेल्वेचा पाठपुरावा चालूच आहे."

"रेलवे ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या. "साकव द्या."

"देऊ की! पण त्याचं आधी सर्वेक्षण व्हावं लागतं, नकाशा लागतो, अंदाजपत्रक लागतं..."

बाईंनी कमरेचा कागद काढून पुढे धरला. नकाशा होता, मोजमाप होतं, दर होते, वाहतुकीचा पल्ला होता, आंब्याच्या फांदीपर्यंतचा पूर होता. सदस्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. त्यात शोधूनही 'नाही' म्हणायला जागा नव्हती. चाळीस बायका अंगणात बसल्या होत्या आणि उठायच्या बेतात दिसत नव्हत्या. "करू," सदस्य म्हणाले, आणि या वेळी तो शब्द त्यांना जरा महागात पडला.

कचेरीतल्या नव्या अभियंत्याने ते अंदाजपत्रक तपासलं आणि एकही आकडा बदलला नाही. ही बातमी साडूंनी जव्हारमध्ये स्वतः घरोघर जाऊन सांगितली. काही घरी दोनदा. पुढच्या उन्हाळ्यात काम सुरू झालं तेव्हा हे छत्री घेऊन रोज सकाळच्या एसटीने तिकडे. ठेकेदार त्यांना वरून आलेला तपासनीस समजून "साहेब, साहेब" करत असे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणी साहेब म्हणत असल्यामुळे साडूंनी त्याचा गैरसमज दूर केला नाही. वाळूत माती दिसली की ते नुसतं ढिगाकडे पाहत उभे राहत, आणि दुपारपर्यंत वाळू बदललेली असे.

उद्घाटनाला सदस्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागली. भाषणात ते म्हणाले, "माझ्या संकल्पनेतून हा साकव साकार झाला." मला राग आला. मी साडूंकडे पाहिलं. ते भाषण ऐकतच नव्हते. पलीकडच्या पाड्यातली पोरं साकवावरून पळत इकडे येत होती, परत पळत तिकडे जात होती, आणि साडूंचे डोळे त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरत होते. बाई येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. "भाऊ, पाटीवर तुमचं नाव नाय." साडू म्हणाले, "कशाला पाहिजे? साकव उभा आहे ना?" पण माझ्या मुलाला नंतर त्यांनी सांगितलं की हा आमचा साकव आहे. 'आमचा' म्हणताना त्यांनी छाती एवढी फुगवली की सदऱ्याचं एक बटण सुटलं.

पुढे त्यांची बायको गेली आणि मुलाने त्यांना वसईला आपल्याकडे नेलं. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी. डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया होऊनही फारसं दिसेना. वर्तमानपत्र वाचायला येईना, सभांना जायचं कुठे? एका वर्षी ऑगस्टात इकडे जव्हारकडे मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर मी मुद्दाम वसईला गेलो. ते खाटेवर बसले होते. माझा आवाज ओळखून म्हणाले, "मास्तर, पाणी किती चढलं?"

"पार साकवाच्या खालपर्यंत. वर नाही आलं."

"साकवाला काही?"

"काही नाही."

त्यांनी मान हलवली.  सून चहा ठेवून गेली. तो निवत होता.

"आणि पोरं?" त्यांनी विचारलं.

"पोरं त्या दिवशी शाळेतच होती. संध्याकाळी बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि एकेकाला हात धरून पलीकडे सोडलं. दुसऱ्या दिवशी सगळी परत आली."

"सगळी?"

"सगळी. मी हजेरी पाहून आलो."

साडूंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. काचा स्वच्छच होत्या.